हारतुरे झाले, आता पायवाटेचे बोला

निवडणूक संपली की गावोगाव सत्कारांचा मोसम येतो. हार, शाल, श्रीफळ, फटाके, बँजो. निवडून आलेला माणूस गाडीतून येतो, स्टेजवर चढतो, गाडीतून जातो. सभा संपता संपता गावातला एखादा जाणता उठतो आणि मागणी मांडतो. ती बहुधा ठरलेली असते: एक सभामंडप, वेशीवर कमान, चौकात हायमास्टचा दिवा. पुढारी लगेच म्हणतो, "देऊन टाकू." तो का म्हणणार नाही? मंडपावर त्याचे नाव लागते, ठेकेदार त्याचा असतो आणि काम तीन महिन्यांत दिसते.

यंदा जिल्हा बैठकीत आपण एक वेगळा ठराव करावा असे मला वाटते. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत जो कोणी नवा निवडून येईल, त्याच्याकडे पहिल्या सहा महिन्यांत जायचे आणि सांगायचे, "भाऊ, मंडप राहू द्या. पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला वाट द्या."

हे ऐकून काही कार्यकर्ते नाक मुरडतील. शहरात सायकलचे क्लब असतात, रविवारी सकाळी हेल्मेट घालून डॉक्टर-वकील सायकली हाणतात. ते खूळ कापूसवाल्यांच्या बैठकीत कशाला, असे विचारतील. पण शहरातला माणूस हौसेने चालतो. आपण चालतो ते शेत लांब आहे म्हणून, एस.टी. गावात येत नाही म्हणून, पेट्रोल परवडत नाही म्हणून. मोटारसायकल घरात असली तरी ती घरातल्या पुरुषाच्या बुडाखाली असते. त्याची बायको, आई आणि मजुरीला जाणाऱ्या पाच-सहा बाया डोक्यावर पाण्याची कळशी आणि भाकरीचे फडके घेऊन पायीच जातात. राज्य सरकारने मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट केले. चांगले झाले. पण फाट्यापर्यंतचे तीन किलोमीटर अंधारात चालायचे, त्याचे तिकीट कोणी अर्धे केले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपली चळवळ घामाच्या दामाची. सूट-सबसिडीच्या तुकड्यांवर आपण थुंकलो. मग पुढाऱ्याच्या दारी रस्ता मागायला जायचे म्हणजे पुन्हा वाडगे घेऊन उभे राहणे नव्हे काय? माझ्या मते नव्हे. शासनाने कोणत्या धंद्यात पडू नये हे आपण चाळीस वर्षे सांगत आलो. शासनाने काय करावे हेही सांगितले: सुरक्षा, न्याय, रस्ते. तेवढेच ते करत नाही. शिवाय मी म्हणतो ती वाट नव्याने मागायची नाहीच. ती आपली आहे आणि नकाशावर आहे.

तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन गावनकाशा उघडून बघा. त्यावर दोन प्रकारच्या तुटक रेषा दिसतील. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग; त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. त्याची रुंदी सव्वाआठ फूट. पायी चालणाऱ्या माणसाला सव्वाआठ फूट! आज त्या रेषेवर जाऊन उभे राहा. कुठे दीड फूट उरली आहे, कुठे धुरा नांगरता नांगरता तेवढीही नाही, कुठे बाभळीने खाल्ली. हे अतिक्रमण सरकारने केलेले नाही, तुम्ही आम्ही केले आहे. दर वर्षी वखराचे एक पाते आत. हे कटू आहे, पण बैठकीत बोलायलाच हवे. नाहीतर नवा सदस्य पहिल्याच भेटीत ते आपल्या तोंडावर फेकेल आणि विषय संपवेल.

कायदा नाही असेही नाही. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदार अडथळा काढून देऊ शकतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ आहे; त्याखाली बांधावरून वाट मागता येते. मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असे ठरवले. कागद भरपूर आहेत. अडते ते अंमलबजावणीत. तहसीलदार आदेश काढतो, मोजणीचा माणूस येत नाही. मोजणीचा माणूस येतो, बंदोबस्त मिळत नाही. बंदोबस्त मिळतो त्या दिवशी पाऊस येतो. ही साखळी जोडायला एका निवडून आलेल्या माणसाचा फोन पुरतो. त्यासाठी निधी लागत नाही, त्याचा अर्धा तास लागतो. पहिली मागणी हीच ठेवा: तालुक्यातले अडलेले रस्त्यांचे आदेश मोजून दाखवा आणि त्यांच्या अंमलबजावणीची तारीख लावून घ्या.

आता मातीचे. मी शेतकी शिकलो ते काळ्या मातीवरच, म्हणून इथे थोडा लांबतो. आपल्या कपाशीच्या भारी जमिनीत निम्म्याहून अधिक चिकण असते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, हात जाईल एवढी भेग पडते. अशा जमिनीवर नुसता मुरूम ओतला तर पहिला पावसाळा निघतो, दुसऱ्यात मुरूम खाली जातो आणि चिखल वर येतो. दर निवडणुकीआधी ट्रॉल्या येतात, मुरूम पडतो, नारळ फुटतो, आणि दोन वर्षांनी पांदण होती तशी. पैसा खाल्ला गेला हे अर्धे खरे. उरलेले अर्धे हे की पाणी काढल्याशिवाय मुरूम टाकला. आधी दोन्ही बाजूंना नाली, तिचा उतार ओढ्याकडे. मधला भाग उचलून रोलरने दाबलेला. पाणी आडवे जाते तिथे नळकांड्यांची मोरी. मग गिट्टी-मुरूम. हा क्रम अंदाजपत्रकात आहे का, एवढे गावातल्या दोन पोरांनी वाचले तरी अर्धी लबाडी थांबेल.

आणखी एक. सरकार शेतरस्ता म्हणते तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टर असतो. ट्रॅक्टर जायलाच हवा, त्याला माझा विरोध नाही. पण ओल्या पांदणीतून ट्रॅक्टर एकदा गेला की गुडघाभर चाकोऱ्या पडतात आणि पुढचे पंधरा दिवस पायी माणसाला पाय ठेवायला जागा राहत नाही. म्हणून काठाने दोन-तीन फुटांची उंच, दाबलेली पट्टी मागा, तिच्यावर चाक चढणार नाही अशी. खर्च किरकोळ आहे. कोणी मागत नाही म्हणून होत नाही.

या चिखलाची किंमत किती? गणित मांडू. शेत घरापासून दोन किलोमीटर. कोरड्या वाटेने जाऊन येऊन एक तास. चिखलात तेच दोन तास. पेरणीपासून भादव्यापर्यंत असे साठ दिवस धरा, घरातली तीन माणसे धरा. तीन माणसे, साठ दिवस, रोज एक तास जास्त: एकशेऐंशी तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेबावीस दिवसांची मजुरी नुसती चिखलात रुतली. हे उदाहरणाचे आकडे आहेत. आपापल्या गावचे घाला. निंदणाच्या घाईत, डवरणीची वाफ जाते की राहते अशा दिवसांत हा तास जातो, म्हणून त्याचे मोल मजुरीहून अधिक आहे. ज्वारीवाल्यांचे दुःख थोडे निराळे: रब्बीचा कडबा कोरड्यात निघतो, पण पेरणीचे दिवस ओलीचे असतात.

आणि जिथे मजुरीचा हिशेब लागत नाही तेही आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. विषबाधा असो, साप चावो, बाळंतीण अडो, पहिला तास महत्त्वाचा. तो तास पांदणीत जातो. रुग्णवाहिका १०८ वर फोन केला की येते, फाट्यापर्यंत येते. तिथवर खाटेवर घालून चौघांनी न्यायचे.

पांदण संपते तिथे डांबर लागते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. आपल्याच कापसाच्या मुलखात. आमची माणसे कामाला नालायक नाहीत, यंत्रे नाहीत असे नाही, पैसा नाही असेही नाही. प्रश्न कोणासाठी एवढाच आहे. इंडियाच्या गाडीला पाच दिवस, भारताच्या पायाला पन्नास वर्षे.

डांबराच्या कडेला बाजूपट्टी असते, आपण साईडपट्टी म्हणतो. दर वेळी डांबराचा नवा थर चढतो, पट्टी तिथेच राहते. वीत-वीत खोल कड तयार होते. मागून ट्रक आला की सायकलवाला खाली उतरू शकत नाही, उतरला की पडतो. अंदाजपत्रकात बाजूपट्टीच्या मुरुमाची बाब बहुतेक वेळा असते. ती बिलात भरली जाते, जमिनीवर भरली जात नाही. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाचांत एक, दिवसाला नव्वद. हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. दारू पिऊन चालवणारा, झोपलेला ड्रायव्हर, हे सगळे खरे. पण माणसाला चालायला डांबराशिवाय जागाच ठेवली नाही, हा दोष ड्रायव्हरचा नाही.

चौपदरी झाला की आणखी निराळा खेळ. शेत एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला, मध्ये दुभाजक. कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन बाई दुभाजक ओलांडते. खालून जायचा बोगदा रस्ता झाल्यावर मागून मिळत नाही. तो आराखड्यातच असावा लागतो. समृद्धी महामार्ग बघा: ७०१ किलोमीटर, पाच जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावर पायी माणसाला, सायकलला, मोटारसायकलला प्रवेश नाही. खालून जायच्या वाटा जिथे आधी ठरल्या तिथे आहेत. जिथे ठरल्या नाहीत तिथले शेतकरी आता फेरा मारतात. म्हणून खासदाराला आणि आमदाराला आजच विचारा, पुढच्या कोणत्या रस्त्याचे सर्वेक्षण आपल्या शिवारातून चालू आहे. मोजणीचे खुंट दिसले की वेळ निघून जाते.

सायकलीकडे येतो. नोव्हेंबर २००५ मध्ये बिहारात नितीशकुमारांचे सरकार आले. त्यानंतर वर्षभरातच त्यांनी नववीतल्या मुलींना सायकल घ्यायला दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. सायकलीचे टेंडर काढले नाही, पैसे दिले. मुलीच्या बापाने दुकानात जाऊन घासाघीस करून सायकल घेतली. आपल्या विचाराला हे मानवणारे आहे. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर तपासले. वयाप्रमाणे माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले होते, आणि शाळा जितकी लांब तितका फरक ठळक. नव्या सरकारने पहिल्या वर्षात केलेले काम पुढे त्यांच्या मतांच्याही कामी आले. तेव्हा पुढाऱ्यांना सांगायला हरकत नाही: यात तुमचाही फायदा आहे.

तामिळनाडूचा पुदुकोट्टई जिल्हा आपल्यासारखाच कोरडा. तिथे १९९१ नंतर साक्षरतेच्या चळवळीत बायांना सायकल शिकवली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या हजारो बाया. शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी मागे उभ्या राहिल्या आणि बायांना सायकलीसाठी बँकांचे कर्ज मिळावे म्हणून खटपट केली. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनाला गेलेल्या मायबहिणींना हे ऐकून नवल वाटायचे नाही. कोणावर अवलंबून न राहता बाजारात जाता येणे, दवाखान्यात जाता येणे, ही स्वातंत्र्याची बाब आहे.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर, सायकलीसाठी पैसे मिळतात. साडेतीन हजार होते, २०२२ मध्ये पाच हजार केले. यादीबाहेरच्या तालुक्यातली मुलगी तेवढेच चालते, तिला काही नाही. यादी १२५ वर का थांबली हे आमदारांनी विधानसभेत विचारावे. आणि पैसे देऊन सायकल आली, पण शाळेच्या रस्त्याला साईडपट्टी नाही, तर बाप मुलीला त्या रस्त्यावर सोडत नाही. सायकल कुडाला टेकून गंजते. दोन्ही मागण्या एकत्रच मांडाव्या लागतील.

कोणाला काय मागायचे याचा घोळ घालू नका. पुढारी याच घोळावर जगतो. "तो रस्ता माझ्याकडे नाही" म्हटले की आपण परत येतो. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. साईडपट्टी, मोरी तिथल्या सदस्याला मागा. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे, तिथे आमदार. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, तिथे खासदार. पांदणीचा ठराव ग्रामसभेचा, आदेश तहसीलदाराचा, दोघांना हलवायला पंचायत समितीचा सदस्य. वेळही पाळा. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात शिजतो, जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक मार्चमध्ये. आपण मोर्चा काढतो जूनमध्ये, पाय रुतल्यावर. तेव्हा पैसा वाटून झालेला असतो.

आमदाराला आणखी एक विचारा. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग म्हटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पायी चालणारे आणि बिनयंत्राची वाहने यांच्यासाठी मोटार वाहन कायद्याखाली राज्यांनी सहा महिन्यांत नियम करावेत असा आदेश दिला. त्या नियमांत खेड्यातल्या रस्त्याबद्दल, बैलगाडीबद्दल, गावाजवळच्या राज्यमार्गाबद्दल काय लिहिणार? की पदपथ म्हणजे फक्त पुण्या-मुंबईचा?

खासदाराला विचारायचे ते याहून मुळातले. २०११ च्या जनगणनेत माणूस कामाला कसा जातो, पायी, सायकलने की बसने, आणि किती लांब, हे विचारले गेले. कोणाला? शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले सोडून बाकीच्यांना. कारकून किती चालतो हे दिल्लीला माहीत आहे. कपाशी वेचणारी बाई किती चालते याचे खानेच कागदावर नव्हते. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कुठून येणार? २०२७ च्या जनगणनेत तो खाना असावा, ही मागणी प्रत्येक खासदाराकडे लेखी गेली पाहिजे.

भेटीला जाताना गाड्यांचा ताफा नको. बंगल्यावर गाडीने जाणाऱ्या ठेकेदारांना तो रोज भेटतो. त्यालाच गावात बोलवा. सत्कार करा, हार घाला, आणि स्टेजवरून उतरला की गाडी फाट्यावर पाठवून द्या आणि त्याला पांदणीने चालवा. श्रावणात बोलावले तर उत्तम. बायांनी पुढे असावे. त्यांच्यासमोर तो थापा कमी मारतो. होकार तोंडी घेऊ नका. कागदावर रस्त्याचे नाव, लांबी, खाते आणि तारीख लिहून त्याची सही घ्या, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने तीन गोष्टी आणाव्यात: गावनकाशाची नक्कल, तीवर तुटक रेषांवर लाल शाई, प्रत्येक पायमार्गाची आजची रुंदी, शंभर-शंभर पावलांवर मोजलेली, आणि पाचवी ते बारावीतली किती मुले-मुली शाळेला पायी किंवा सायकलने जातात त्याचा आकडा, कोणत्या रस्त्याने ते लिहून. रुंदी मोजायला टेप नसेल तर दोरीला गाठी मारून चालेल. ओली दोरी ताणते, तेव्हा सव्वाआठ फुटांचा वासा तोडून घेतलेला बरा.